उपदंश : मिटलेला व्रण, न मिटलेला रोग

जीवाणूंमुळे होणाऱ्या आणि लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांमध्ये उपदंशाचे, म्हणजे डॉक्टर ज्याला सिफिलिस म्हणतात आणि बोलीभाषेत ज्याला गरमी म्हणतात त्या रोगाचे, स्थान विलक्षण आहे. त्याचा जीवाणू शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे, त्याची रक्ततपासणी स्वस्त आहे, त्यावरचे औषध सुमारे ऐंशी वर्षांपासून वापरात असून आजही तितकेच गुणकारी आहे, आणि तरीही तो मागे हटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८० लाख लोकांना त्याची नव्याने लागण झाली. या चिवटपणाचे कारण औषधाच्या उणिवेत शोधून सापडणार नाही. हा रोग उपचाराविनाही काही काळाने दिसेनासा होतो, आणि दिसेनासा झालेला रोग बरा झाला असे रुग्णाला, त्याच्या घरच्यांना आणि पुष्कळदा उपचार करणाऱ्यालाही वाटते. त्याच्या टिकून राहण्याचे मर्म या गैरसमजात आहे.

उपदंशाच्या जीवाणूचे नाव ट्रेपोनेमा पॅलिडम. मळसूत्राप्रमाणे पिळदार असलेला हा जीवाणू ६ ते १५ मायक्रोमीटर लांब असला, तरी त्याची जाडी जेमतेम ०.२ मायक्रोमीटर असते, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने प्रकाश पाडून वस्तू उजळवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने मात्र त्याची गिरकी घेत पुढे सरकणारी हालचाल ओळखता येते. १९०५ मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांनी तो प्रथम पाहिला. आतड्यातला एखादा सर्वसाधारण जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या जीवाणूला त्यासाठी तीस तासांहून अधिक वेळ लागतो. त्याच्या बाह्यावरणावर प्रथिने फारच थोडी असतात, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा परक्या पेशी ओळखते ती बहुतांशी अशा प्रथिनांवरून, त्यामुळे त्याला हेरणे तिला कठीण जाते. शिवाय जी थोडी प्रथिने बाहेर दिसतात, त्यांपैकी एकाची घडण तो सतत बदलत राहतो. १९९८ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यात सुमारे एक हजार जनुके आढळली; स्वतंत्रपणे जगण्यासाठी लागणारी बरीच रासायनिक यंत्रणा त्याच्याजवळ नाही, ती तो मानवी शरीराकडूनच उसनी घेतो. म्हणूनच शरीराबाहेर तो फार काळ तग धरत नाही. संडासाचे भांडे, पोहण्याचा तलाव, कपडे किंवा जेवणाची भांडी यांतून उपदंश होत नाही, आणि तशा भीतीपोटी घरातल्या रुग्णाचे ताट वेगळे करणे निराधार तर आहेच, शिवाय क्रूरही आहे.

लागण झाल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत १० ते ९० दिवस, सरासरीने तीन आठवडे जातात. जिथून जीवाणू शरीरात शिरला तिथे, म्हणजे लिंगावर, योनिमार्गात, गर्भाशयाच्या मुखाशी, गुदद्वाराजवळ, ओठांवर किंवा तोंडात, एक कडक कडांचा आणि बहुधा न दुखणारा व्रण उठतो, आणि त्याच्या जवळच्या रसग्रंथी, विशेषतः जांघेतल्या, सुजतात. व्रण दुखत नाही ही गोष्ट वरवर दिलासा देणारी वाटते. प्रत्यक्षात तीच घातक ठरते, कारण दुखणे नसेल तर दवाखान्याची पायरी चढण्याचे कारणही उरत नाही. योनीच्या आत किंवा गुदमार्गात झालेला व्रण तर त्या व्यक्तीच्या दृष्टीसही पडत नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. त्या काळात कोणी मलम लावले असेल, काढा घेतला असेल किंवा उपासतापास केले असतील, तर श्रेय त्याला जाते, मात्र दरम्यान जीवाणू रक्तावाटे सर्व शरीरात पोचलेला असतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरी अवस्था सुरू होते. बारीक ताप, घसा दुखणे, अंगदुखी, ठिकठिकाणी गाठी आणि अंगावर बहुधा न खाजणारे पुरळ अशी तिची लक्षणे असतात. हे पुरळ तळहात आणि तळपायांवरही उठते, आणि ही खूण महत्त्वाची आहे, कारण त्वचेच्या इतर बहुतेक आजारांत तळवे सुटतात. काही रुग्णांमध्ये डोक्यावरचे केस ठिकठिकाणी विरळ होतात, तोंडात पांढरट चट्टे येतात, जननेंद्रियांभोवती ओलसर, चपटे उंचवटे येतात. हे उंचवटे आणि चट्टे अतिशय संसर्गजन्य असतात. लक्षणांच्या या विविधतेमुळे गोवर, औषधाची अॅलर्जी, नायटा किंवा सोरायसिस असे निदान होऊन रुग्ण भलत्याच उपचारांकडे वळतो. काही काळाने हेही सारे मावळते.

पुढे येते ती सुप्तावस्था. या काळात रुग्णाला काहीही त्रास नसतो, तपासणाऱ्या डॉक्टरला काहीही दिसत नाही, आणि रोगाचे अस्तित्व सांगते ती केवळ रक्ततपासणी. ही अवस्था वर्षानुवर्षे, अगदी आयुष्यभरही टिकू शकते. नॉर्वेमध्ये ऑस्लो येथील त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोएक यांनी, त्या काळी रूढ असलेला पाऱ्याचा उपचार लाभापेक्षा अपाय अधिक करतो या मताने, १८९० च्या दशकापासून पुढे सुमारे दोन हजार रुग्णांना तो दिला नाही. या रुग्णांचा नंतर अनेक दशके मागोवा घेण्यात आला, तेव्हा त्यांच्यातील सुमारे पाव ते एक तृतीयांश जणांना उशिरा का होईना, गंभीर विकार झाल्याचे दिसले. हे विकार तीन प्रकारचे असतात : त्वचा, हाडे किंवा यकृतात होणाऱ्या आणि ऊतींचा नाश करणाऱ्या गाठी, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या भिंतीची सूज, जिच्यामुळे ती फुगते, आणि मेंदू व मज्जारज्जू यांची हानी, जिच्यामुळे चालण्याचा तोल जातो, स्मृती आणि विवेक ढासळतात. डोळे, कान आणि मेंदू यांना मात्र सुरुवातीच्या काळातही बाधा होऊ शकते, त्यामुळे उपदंशाच्या रुग्णाची नजर अचानक अंधुक झाली किंवा ऐकू येणे कमी झाले, तर ती तातडीची बाब समजावी लागते.

दिसेनासे होण्याच्या या स्वभावाने उपचारांच्या इतिहासालाच वेगळे वळण लावले आहे. युरोपात या रोगाची पहिली मोठी साथ १४९५ च्या सुमारास, फ्रेंच राजा आठवा चार्ल्स याच्या सैन्याने नेपल्सवर केलेल्या स्वारीच्या वेळी नोंदली गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, पोर्तुगीजांच्या आगमनाच्या आसपास, तो भारतातही दिसू लागला. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदीय ग्रंथात त्याचे वर्णन फिरंग रोग या नावाने आले असून त्यावर पारा आणि चोपचिनी सांगितली आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात चोपचिनीचे या रोगावरचे गुण वर्णिले आहेत. चीनहून येणारी ही मुळी तेव्हा मोठ्या विश्वासाने वापरली जात होती. पाऱ्याने दात पडत, हिरड्या सडत, मूत्रपिंडे निकामी होत. तरीही चारशे वर्षे तो टिकला, कारण औषध चालू असताना व्रण भरून आला की औषध लागू पडले असे वैद्य आणि रुग्ण दोघांनाही प्रामाणिकपणे वाटे. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज’ अशी जाहिरात रंगवणाऱ्या आजच्या भोंदू उपचारकांचा धंदाही याच भ्रमावर चालतो, फरक इतकाच की जुन्या वैद्यांजवळ याहून चांगले काही नव्हते आणि आज ते आहे.

१९०९ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी आर्सेनिकयुक्त संयुगे एकामागून एक तपासत ६०६ क्रमांकाचे संयुग शोधले. साल्व्हर्सान या नावाने ते पुढच्या वर्षी बाजारात आले. जीवाणूला नेमके लक्ष्य करणारे हे पहिले कृत्रिम औषध होते, पण त्याचा उपचार लांबलचक आणि विषारी होता. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड येथील रुग्णालयात जॉन महोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांना पेनिसिलिन दिले आणि उपदंशाच्या उपचाराचा प्रश्न जवळजवळ सुटला. हे औषध भारताला आयातीवर अवलंबून न राहता मिळावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला.

पेनिसिलिनने जीवाणूची भिंत बांधली जाण्यात अडथळा येतो, आणि भिंत बांधली जाते ती पेशी वाढत व विभागत असताना. उपदंशाचा जीवाणू इतक्या संथपणे विभागत असल्याने औषध रक्तात अनेक दिवस सलग राहणे आवश्यक असते. बेंझाथिन पेनिसिलिन हे याच गरजेला उत्तर आहे : स्नायूत टोचल्यावर ते तिथे साठून राहते आणि दोन ते तीन आठवडे थोडे थोडे रक्तात उतरत राहते. लागण अलीकडची असेल तर २४ लाख युनिटची एकच मात्रा पुरते, ती बहुधा दोन भाग करून दोन्ही कुल्ल्यांत देतात. लागण जुनी असेल किंवा कधीची ते ठरवता येत नसेल, तर तीच मात्रा आठवड्याच्या अंतराने तीन वेळा देतात. मज्जासंस्था, डोळे किंवा कान यांना बाधा झाली असेल तर रुग्णालयात दाखल करून शिरेवाटे १० ते १४ दिवस पेनिसिलिन द्यावे लागते. ज्यांना पेनिसिलिनची अॅलर्जी आहे त्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दोन आठवडे किंवा अधिक काळ दिल्या जातात, पण गर्भवतीला त्या चालत नाहीत. पहिल्या इंजेक्शनानंतर चोवीस तासांत ताप, थंडी आणि अंगदुखी येऊ शकते. या त्रासाला पुष्कळजण औषधाची अॅलर्जी समजतात आणि पुढची इंजेक्शने टाळतात. वास्तविक मरणाऱ्या जीवाणूंच्या अवशेषांमुळे उठलेली ती तात्पुरती प्रतिक्रिया असते व एका दिवसात ओसरते. परम्याच्या, म्हणजे गोनोरियाच्या, जीवाणूने एकामागून एक प्रतिजैविके निष्प्रभ केली आहेत. उपदंशाच्या जीवाणूत मात्र पेनिसिलिनला दाद न देणारा प्रकार आजवर आढळलेला नाही. अॅझिथ्रोमायसिनला दाद न देणारे प्रकार जगभर पसरले आहेत, त्यामुळे दुकानातून ती गोळी आणून स्वतःच उपचार करणे धोक्याचे आहे.

निदान मुख्यतः रक्तावर अवलंबून असते आणि त्यासाठी दोन तऱ्हेच्या तपासण्या वापरतात. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही पहिली तपासणी जीवाणूलाच शोधत नाही. रोगामुळे पेशींची हानी झाली की शरीर स्निग्ध पदार्थांविरुद्ध जी प्रतिपिंडे तयार करते ती मोजते. म्हणून तिचा निकाल आकड्यांत येतो. रक्तद्रव दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करत कुठवर तपासणी होकारार्थी राहते ते पाहिले जाते, आणि १:८ किंवा १:३२ असा आकडा अहवालात लिहिला जातो. हिवताप, कुष्ठरोग, शरीर स्वतःवरच उलटणारे काही विकार आणि क्वचित गर्भावस्था यांतही ती होकारार्थी येऊ शकते, त्यामुळे टीपीएचएसारखी, थेट जीवाणूविरोधी प्रतिपिंडे शोधणारी दुसरी तपासणी करून खात्री करतात. ही दुसरी तपासणी एकदा होकारार्थी आली की उपचारानंतरही बहुधा जन्मभर तशीच राहते. यातला भेद समजावून न सांगितल्याने किती तरी बरे झालेले लोक वर्षानुवर्षे आपण रोगी आहोत या धास्तीत जगतात, आणि नोकरीच्या किंवा परदेशगमनाच्या वैद्यकीय तपासणीत त्यांना विनाकारण मान खाली घालावी लागते. उपचार यशस्वी झाला की नाही हे पहिल्या तपासणीचा आकडा सांगतो : तो चौपटीने उतरला, जसे १:३२ वरून १:८ वर आला, तर उपचार लागू पडला असे समजतात. त्यासाठी सहा आणि बारा महिन्यांनी रक्त पुन्हा द्यावे लागते. लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही तपासण्या नकारार्थी असू शकतात, म्हणून संशय असल्यास त्या पुन्हा कराव्या लागतात.

उपचार एकाच व्यक्तीवर करून थांबले तर ते अपुरे राहतात. उपदंश झाल्याने पुढच्या खेपेस संरक्षण देईल अशी प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. पती बरा झाला आणि पत्नीवर उपचार झाले नाहीत, तर काही दिवसांत तो पुन्हा आजारी पडू शकतो. निदानाआधीच्या तीन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सर्वांना, त्यांची तपासणी नकारार्थी असली तरी, औषध देण्याची पद्धत यामुळेच आहे. ही गोष्ट जोडीदाराला सांगणे हा साऱ्या उपचारातला सर्वांत अवघड टप्पा असतो, आणि तिथे दोषारोप आडवा येतो. रोग कधीचा आहे हे रक्ततपासणीतून नेमके कळत नाही. सुप्तावस्थेतला संसर्ग लग्नाआधीचाही असू शकतो, तेव्हा अहवाल हातात घेऊन कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करता येत नाही. याबाबत सत्तेनेही फार वाईट पायंडे पाडले आहेत. इंग्रज सरकारने सैनिकांच्या आरोग्याच्या नावाखाली १८६८ मध्ये भारतात सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. त्यानुसार वेश्याव्यवसायातील स्त्रियांची सक्तीने नोंदणी व शारीरिक तपासणी होई आणि त्यांना बंदिस्त रुग्णालयांत डांबले जाई, त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर मात्र कोणतेही बंधन नव्हते. मुंबईतही लागू झालेला हा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने सुमारे चारशे उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना, रोगाची वाटचाल पाहता यावी म्हणून, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. या दोन्ही ठिकाणी रुग्णाला माणूस मानण्यात कसूर झाली, आणि तशी कसूर आजही झाली तर लोक तपासणीपासून दूर पळतील, हे आरोग्य यंत्रणेने विसरून चालणार नाही.

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाअंतर्गत सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये या आजारांची तपासणी व औषधे मोफत मिळतात. प्रयोगशाळेची सोय नसेल तिथे लक्षणांवरूनच उपचार सुरू करता यावेत म्हणून औषधांचे निरनिराळ्या रंगांचे संच तयार केलेले असून जननेंद्रियावरील व्रणासाठीच्या पांढऱ्या संचात बेंझाथिन पेनिसिलिन असते. ही सोय उत्तम आहे, पण जो व्रण दुखत नाही, दिसत नाही, त्याला लक्षणांवर आधारलेली पद्धत पकडू शकत नाही. त्यामुळे एकाहून अधिक व्यक्तींशी संबंध असलेल्यांनी काही त्रास नसतानाही ठरावीक काळाने रक्त तपासून घेणे, आणि एचआयव्हीची तपासणी होते तिथे उपदंशाचीही होणे, याला पर्याय नाही. उपदंशाच्या व्रणातून एचआयव्हीचा शिरकावही सोपा होतो. निरोधचा वापर दर वेळी आणि सुरुवातीपासून केला तर धोका बराच कमी होतो, मात्र तो न झाकणाऱ्या जागी व्रण असेल तर संरक्षण अपुरे पडते, आणि मुखमैथुनातूनही लागण होते ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. या रोगावर लस नाही.

ज्या ठिकाणी प्रतिबंध पूर्णपणे हाती आहे असे एक क्षेत्र म्हणजे गर्भावस्था. उपदंश असलेल्या गर्भवतीच्या रक्तातील जीवाणू वार ओलांडून गर्भात जातो. लागण अलीकडची असेल तर हा धोका सर्वांत जास्त असतो, पण जुन्या सुप्त संसर्गातही तो असतोच. उपचार झाले नाहीत तर निम्म्याहून अधिक वेळा गर्भपात, मृत बालकाचा जन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, नवजाताचा मृत्यू किंवा बाळाला जन्मजात उपदंश यांपैकी काही तरी घडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये ११ लाख गर्भवतींना उपदंश होता आणि त्यामुळे अशा ३ लाख ९० हजारांवर दुर्घटना घडल्या. यातली जवळजवळ प्रत्येक घटना पहिल्या तिमाहीत बोटाच्या थेंबभर रक्ताची तपासणी आणि त्याच भेटीत दिलेले पेनिसिलिन यांनी टाळता आली असती, हे वाचून कोणाही संवेदनशील माणसाचे मन विषण्ण व्हावे. क्यूबाने २०१५ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि उपदंश यांचे निर्मूलन केल्याची मान्यता जगात प्रथम मिळवली; २०१९ मध्ये श्रीलंका आणि मालदीव या शेजारी देशांनीही ती मिळवली. त्यासाठी कुठलेही नवे औषध लागले नाही.

पहिली तपासणी नकारार्थी आली तरी धोका असलेल्या स्त्रीची तपासणी सातव्या महिन्याच्या सुमारास आणि प्रसूतीच्या वेळी पुन्हा करावी लागते, कारण लागण गर्भारपणातही होऊ शकते. अॅलर्जी असलेल्या गर्भवतीला रुग्णालयात ठेवून, अगदी अल्प मात्रेपासून चढत जात पेनिसिलिन सहन होईल असे केले जाते, कारण गर्भावर उपचार करण्याची खात्री याच एका औषधाची आहे. प्रसूतीच्या किमान तीस दिवस आधी उपचार झालेला नसेल, तर बाळावर पुरेसे उपचार झाले असे मानत नाहीत. जन्मजात उपदंशाचे बाळ जन्मतः निरोगी दिसू शकते. नाकातून सतत स्राव, तळव्यांवर पुरळ, वाढलेले यकृत, हाडांच्या वेदनेमुळे हातपाय न हलवणे ही लक्षणे काही आठवड्यांनी उमटतात, आणि दातांची विकृती, बहिरेपणा, डोळ्यांच्या पारदर्शक पटलाची सूज ही तर काही वर्षांनी. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात उतरलेली असल्याने त्याची पहिली तपासणी होकारार्थी येणे हा एकटा पुरावा ठरत नाही. बाळाचा आकडा आईच्या आकड्याशी ताडून पाहतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा मोजतात. प्रतिपिंडे केवळ आईकडून आलेली असतील तर साधारण सहा महिन्यांत तो शून्यावर येतो, आणि तो तसा येईपर्यंत बाळाला लसीकरणाच्या प्रत्येक खेपेला तपासणीसाठीही आणले जावे, ही जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि गावातील आशा कार्यकर्तीवर येते.